रस्त्यात न बसलेली गाडी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठणठणीत आहे, मी आणि गाडी दोघीही. फोन असताना पत्राचा खटाटोप कशाला, असं तू म्हणणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तू "हं, हिच्याशी बोल" म्हणून फोन वहिनीच्या हातात कोंबतोस. पत्र तसं कोंबता येत नाही. शेवटपर्यंत वाचायचं, अर्ध्यावर घडी घालून चष्म्याच्या डबीखाली सरकवायचं नाही. वहिनीला मी लक्ष ठेवायला सांगितलंय.

तर येत्या रविवारी आपल्या पैजेला वर्ष पुरं होतंय. तू विसरला नसणार, पण विसरल्याचं सोंग तू फार झकास आणतोस, म्हणून पैज पुन्हा लिहून काढते. मी ही म्हातारी गाडी घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा तू वरूनच म्हणालास की हे धूड वर्षभर चाललं तर मिशी काढीन. म्हटलं, तुझी मिशी घेऊन मी काय करू, नीट बोल. मग ठरलं. गाडीने वर्षभर मला रोज कामावर न्यायचं आणि आणायचं. एकदाही रस्त्यात बसायचं नाही, एकदाही दोर बांधून ओढून न्यायची वेळ आणायची नाही. बसली, तर मी ती भंगारात द्यायची आणि तू बोट ठेवशील ती नवी कोरी गाडी हप्त्याने घ्यायची. नाही बसली, तर मी सांगेन ती एक गोष्ट तू तोंड वाकडं न करता करायची. वहिनी साक्षीला होती आणि हसत होती. रविवार उजाडायला अजून थोडा अवकाश आहे, पण आता काही ती दगा देत नाही. दादा, मी जिंकले, आणि तुझ्या नाकावर टिच्चून जिंकले.

मला फक्त पैज जिंकायची नव्हती, हेही तुला ठाऊक आहे. आमच्या मोठ्या बाईंनी टेकडीवरची घरं माझ्याकडे दिली तेव्हा खिडकीतून माझ्या गाडीकडे बघितलं आणि चष्मा पुसला. घरोघर फिरणाऱ्या नर्सचं काम गाडीवर चालतं, त्या म्हणाल्या, एक जरी घर चुकलं तरी तुम्हाला ऑफिसात टेबलाशी बसवीन. त्यांचंही खरंच होतं. कुणाची जखम बांधायची असते, कुणाचं सकाळचं इंजेक्शन असतं, आणि गाडी बंद पडली ही सबब काही जखमेला सांगता येत नाही. मी टेबलाशी बसले असते तर महिन्याभरात वेडी झाले असते. तू मला घाईबाई म्हणतोस ते उगीच नाही, मला एका जागी बसवत नाही. आपल्या घरात ते कुणालाच जमत नाही. तू जमवून घेतलंस, आणि मला ते बघवत नाही, पण त्याच्याकडे मी नंतर येते.

ही गाडी मला मिळाली तीच मुळी तुझ्यामुळे, हे मी वर्षभर तुला सांगितलं नव्हतं. आधीची मालकीण पडदे शिवणारी बाई. जन्मभर तिने या गाडीतून कापडाचे तागे वाहिले. अजूनही हिवाळ्यात हीटर लावला की जाळीतून कधी निळा, कधी पिवळा दोरा बाहेर येतो. बाई वयाने थकलेली, पण जिभेने नाही. तिने माझी मुलाखतच घेतली. गाडी कुठे उभी करशील, उन्हात की सावलीत, रोज चालवशील की शोभेला ठेवशील. मग म्हणाली, चला, एक चक्कर मारू. मी चालवत होते आणि ही बया रस्त्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत बसली. परत आल्यावर म्हणाली, गाडी तुमची. माझ्याआधी आलेल्या दोघांना तिने हात हलवत परत पाठवलं होतं, कारण दोघांचाही डावा पाय क्लचवर टेकलेला होता. माझा नव्हता. कसा असेल? वर्तमानपत्राची सुरळी करून तू माझ्या डाव्या गुडघ्यावर किती फटके दिलेत. क्लचवर पाय ठेवून बसणं म्हणजे चालताना दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकणं, असं म्हणायचास. अर्ध्या गावाचे गुडघे तुझ्या सुरळीला ओळखतात.

गाडी घेतल्याबरोबर मी तुझ्याकडे आले, आठवतंय ना? हॉर्न दिला, तर वहिनी खाली आली आणि तू वरच्या खिडकीतच बसून राहिलास. इंजिन चालू ठेव म्हणालास. हनुवटी गजाला लावून ऐकलंस आणि वरूनच निकाल दिलास. पंख्याचा पट्टा सैल आहे. धुराचा नळ कुठेतरी फुटलाय. आणि क्लचची केबल वर्ष काढणार नाही. मी म्हटलं, केबल काय दुसऱ्या मजल्यावरून दिसते का? तर म्हणालास, निघताना गाडी दचकली, तू दचकवणारी नाहीस, म्हणजे केबल अडकतेय. एवढं बोलून खिडकी लावून घेतलीस. दादा, तू माझं तोंडावर कौतुक केलंस ते आयुष्यात तेवढंच एकदा, आणि तेही खिडकी लावता लावता. मी ते घरी येईपर्यंत घोळवत होते.

पट्टा आणि नळ, दोन्ही तंतोतंत निघाले. केबलच्या बाबतीत मात्र माझ्या मिस्त्रीने मान हलवली. तुला मिस्त्री माहीत नाही. मालगाड्यांच्या रुळांपलीकडे त्याचं गॅरेज आहे, माणूस जाडजूड, सदा कुरकुरणारा, आणि समोर कुणी बघत उभं राहिलं की त्याचा हात चालत नाही. तिथे थांबायचं असेल तर उजेडाला बॅटरी धरा, नाहीतर घरी जा, हा त्याचा नियम. मी बॅटरी धरते. केबल ओढून बघून तो म्हणाला, तुमच्या भावाला सांगा, ही अजून दोन वर्षं हसत काढेल. तुझ्यात आणि त्याच्यात कुणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्नच होता. तो खाली वाकून बघत होता आणि तू वर बसून ऐकत होतास, म्हणून मी त्याचं ऐकलं. पुढे काय झालं ते वाचशीलच. हुरळून जाऊ नकोस.

जुनी गाडी रोज चालवायची म्हणजे काय, हे मला पहिल्या महिन्यात कळलं. ती दुखणाईत नसते, वयस्क असते, आणि वयस्क माणसाचं कसं करायचं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी सरळ तिला माझ्या पेशंटांच्या रांगेत बसवलं. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडायचं, तेलाची कांडी पुसून बघायची, पाण्याची पातळी बघायची, चाकांवरून हात फिरवायचा. गाडीखाली मी एक पुठ्ठा सरकवून ठेवते. सकाळी त्यावरचे डाग बघते, जशी मी जखमेवरची पट्टी बघते. काळा डाग इंजिनच्या तेलाचा, हिरवट डाग रेडिएटरच्या पाण्याचा, आणि पुठ्ठा कोरडा असला की त्या दिवशी मला चहा गोड लागतो. शेजारीण पहिल्यांदा म्हणाली, मांजर पाळलंत का? आता तीच वरून विचारते, आज कोरडा का? मिस्त्रीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. एका वेळी एकच काम करायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. आमच्या औषधांचंही अगदी तसंच असतं, म्हणून आमचं जमलं. जे रबराचं आहे ते तुटायच्या आधी बदलायचं, जे लोखंडाचं आहे त्याला गंज दिसला की तिथेच घासायचं, आणि जे काही नीट चाललंय त्याला उगीच हात लावायचा नाही.

आणि ती टकटक. तिच्याबद्दल लिहिताना अजून मला माझीच लाज वाटते आणि हसूही येतं. गाडी खड्ड्यातून गेली की कुठूनतरी बारीक टक, टक, टक. मी काय करावं? माझा जुना स्टेथोस्कोप काढला आणि चालू इंजिनावर लावला. इंजिन छान धडधडत होतं, पण मला टकटक ऐकायचीच होती, तर ती मला सगळीकडे ऐकू यायला लागली. मिस्त्रीकडे नेली. तो एकटा चक्कर मारून आला, म्हणाला, कुठे काय वाजतंय? मी चालवली, तर वाजली. त्याने चालवली, तर गप्प. त्याने पुढचं चाक उघडलं, स्प्रिंग बघितली, सायलेन्सरला आणखी एक पट्टी मारली. पुन्हा तेच. शेवटी वैतागून म्हणाला, बाई, गाडीत काही नाही, ही तुमच्यावर रुसलीय. मी रडकुंडीला आले. टकटकीचं एके दिवशी खडखड होईल आणि टेकडीवर मी बसेन, पैज जाईल, टेकडी जाईल. त्या दिवशी फोनवर मी वहिनीला हे सगळं सांगत होते, आणि मागून तुझा आवाज आला. पैजेनंतर पहिल्यांदाच तू गाडीबद्दल आपणहून बोललास. तू विचारलंस, मिस्त्रीला गाडी देताना ती पेटी उतरवते का?

अर्थात उतरवते. औषधांची पेटी नर्सने गाडीत सोडायची नाही, हा आमचा पहिला धडा. मिस्त्री चालवायचा तेव्हा पेटी माझ्या मांडीवर असायची. मी चालवायचे तेव्हा ती मागच्या सीटवर, आणि तिच्यातली कात्री स्पिरिटच्या बाटलीला लागून टक, टक, टक. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो पान्याने कपाळ खाजवत म्हणाला, तुमचा भाऊ करतो काय? मी म्हटलं, काही नाही करत, खिडकीत बसतो. खरं म्हणजे मला सांगायचं होतं की या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी अजून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

पुढचं म्हणजे पायाचं. आपण सगळे त्या विषयावर मूग गिळून बसतो, आज मी बसणार नाही. जखम चिघळली, गुडघ्याखाली डावा पाय काढावा लागला, आणि तू ते ज्या हिमतीने सोसलंस ते मी नर्स म्हणून बघितलंय, बहीण म्हणूनही बघितलंय. पट्ट्या मीच बांधल्या. पहिल्या दिवसापासून विनोद तूच केलेस. नवा पाय आला तर तू त्याच्यावर टोपी अडकवायला लागलास. पण एकदा, फक्त एकदा, तू तो पाय लावून स्कूलच्या गाडीत बसलास, आणि गाडी उडी मारून फाटकावर गेली. कुणाला काही लागलं नाही. तू शांतपणे उतरलास, किल्ली वहिनीच्या हातात दिलीस आणि म्हणालास, क्लच कुठे धरतो ते पायाला कळावं लागतं, याला ते कधी कळणार नाही. आठवड्यात गाडी विकलीस. तेव्हापासून तू कुणाच्याही गाडीत मागच्या सीटवर बसतोस, तोंड बाजूच्या काचेकडे करून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तू खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढतोस, आणि वहिनी भांडी आवाज न करता ठेवते, तुला ऐकू यावं म्हणून. मला त्या खिडकीचा राग येतो. स्पष्टच लिहिते.

आता ऐक, तुझी केबल कशी तुटली ते. हो, तुटली. तू म्हणाला होतास तशी, आणि मिस्त्रीला मी अजून तोंडावर हसते. मी टेकडीच्या पायथ्याशी रेल्वेच्या फाटकापाशी उभी होते. फाटक उघडलं, मी क्लच दाबून पहिला गियर घातला, तोच पायाखाली टक झालं आणि पेडल जे तळाला गेलं ते वर आलंच नाही. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद. मागे हॉर्न सुरू. वरच्या घरात एक आजोबा सकाळचं इंजेक्शन घेतल्याशिवाय खाऊ शकत नाहीत, ते घड्याळाकडे बघत बसलेले. तोंडचं पाणी पळालं माझ्या. मागचा ट्रकवाला उतरून आला, दोर आहे म्हणाला. दोर म्हटल्यावर मला तू आठवलास. तुझी खिडकी, तुझा तो "सांगितलं नव्हतं का" असा चेहरा. मी म्हटलं, दोर नको, फक्त बाजूला व्हा.

तुला आठवतं का, शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर एकदा तू मला डावा पाय सीटवर दुमडून बसायला लावलं होतंस? मला वाटलं होतं, चेष्टा करतोयस. क्लच गेला म्हणजे गाडी गेली असं नाही, तू म्हणालास, जुन्या गाडीला नुसतं विचारावं लागतं. मी तेच केलं. गियर पहिल्यातच ठेवला आणि किल्ली फिरवली. स्टार्टरने गाडी ढकलली, दोनदा खोकली आणि चालायला लागली. वेग आला तसा रेसवरचा पाय उचलला, दांडा अलगद मध्ये ओढला, इंजिन खाली येण्याची वाट बघितली, आणि कानाला पटलं तेव्हा दुसरा घातला. करकरला नाही. लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी मोठ्याने हसले, एकटीच. मग तिसरा. उतरताना थोडी रेस देऊन पुन्हा दुसरा. प्रत्येक घरासमोर इंजिन बंद करायचं, निघताना पुन्हा पहिल्या गियरमध्ये किल्ली. आजोबांचं इंजेक्शन वेळेवर झालं. एकही घर चुकलं नाही. मग तशीच टेकडी उतरून, रूळ ओलांडून, गाडी थेट मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली. आता तू म्हणशील, फाटकापाशी बसली की. बसली नाही, दादा. फाटकापाशी सगळेच उभे होते, नव्या कोऱ्या गाड्यासुद्धा. दोर लागला नाही, हे महत्त्वाचं. वहिनीनेही निकाल माझ्या बाजूने दिलाय.

मिस्त्री गाडीखाली शिरला, मी बॅटरी धरून उभी. तो तुटलेली केबल ओढून काढत होता आणि मी माझ्या डाव्या पायाकडे बघत होते. सबंध सकाळ, सबंध टेकडी, चढ, उतार, वळणं, आणि हा पाय नुसता पडून होता. त्याच्यावाचून काहीच अडलं नव्हतं. तोपर्यंत खरं सांगायचं तर पैज जिंकून तुझ्याकडून काय मागायचं हे मला सुचलंच नव्हतं. फार तर स्वयंपाकघर रंगवून घेतलं असतं. आणि तिथे, हातात बॅटरी धरून, मला लख्ख कळलं. मी मिस्त्रीला विचारलं, या केबलचं दुसरं टोक पायाशीच असायला हवं असा काही कायदा आहे का?

तो आधी बाहेरच येईना. मग म्हणाला, बाई, ही गाडी आहे, सायकल नाही. मी म्हटलं, सायकलच करा. गियरच्या दांड्याला सायकलच्या ब्रेकसारखी एक मूठ बसवायची, लांब, ती दाबली की क्लच दबेल, त्याच हाताने गियर बदलायचा. नव्या गाड्यांत हे सगळं नळ्या-तारांच्या आत दडलेलं, तिथे त्याने हातच लावला नसता. हिच्यात सरळ एक केबल आहे, दिसते, हाताला लागते, म्हणून तर बोलणं तरी झालं. कुरकुरत त्याने पहिली मूठ केली. ती दाबायला माझे दोन्ही हात लागले. दुसरी केली, ती वाकली. मग आमच्या हॉस्पिटलात मोडीत काढलेल्या खाटा पडल्या होत्या, पाय मोडलेल्यांना वजन टांगायच्या, त्यांच्या कप्प्या मी मोठ्या बाईंना विचारून आणल्या. हाडं ओढून धरणारी कप्पी क्लच ओढणार नाही होय? तिसरी मूठ बसली. मिस्त्रीने ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि पहिल्यांदाच कुरकुरायचं विसरला.

तेव्हापासून मी रोज तशीच चालवते. पायाचं पेडल आहे तिथेच आहे, पण मी डावी चप्पल मागच्या सीटवर टाकते आणि पाय दुमडून बसते. पहिले दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारत होती, आजोबा खिडकीतून बघून खोकेपर्यंत हसले. आता मारत नाही. चढावर, गर्दीत, पावसात, सगळीकडे चालवून बघितली. परिवहन कार्यालयात नेली, तिथल्या साहेबांनी दोनदा मूठ दाबून बघितली, स्वतः चक्कर मारली आणि रीतसर नोंद करून दिली. मी तुला अर्धंकच्चं काही देणार नव्हते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं तू मला लहानपणापासून ऐकवतोस, म्हणून या खेपेला तोंड बंद ठेवून आधी सगळं करून घेतलं. मोठ्या बाईंनी परवा पुढच्या वर्षाची टेकडीही माझ्याच नावावर लावली आणि जाता जाता विचारलं, अशी गाडी अजून कुठे मिळेल का हो? मी म्हटलं, मिळेल, पण मुलाखत द्यावी लागते.

तर आता माझी पैज. रविवारी सकाळी मी हॉर्न देईन. खिडकीत बसून निकाल द्यायचा नाही, खाली यायचं. मागचं दार मी आतून लावलेलं असेल. तू पुढे बसायचंस, शाळेमागच्या मैदानापर्यंत मी नेईन, तिथून पुढे स्टिअरिंगवर तू. रस्त्यावर यायचं तेव्हा परवान्याचं तूच बघ, त्या कार्यालयात तुझ्याइतकी ओळख कुणाची आहे. हाताला जोर नाही, ही सबब चालणार नाही. गेले दोन महिने वहिनी तुझ्याकडून घट्ट झाकणांच्या बरण्या डाव्या हाताने उघडून घेतेय, आणि तू फोनवर माझ्याकडे तिच्या तक्रारी करतोयस, ते उगीच नव्हतं. हाताला क्लच कळेल का, हेही विचारू नकोस. क्लच कसा सोडायचा ते तूच सगळ्यांना शिकवलंस. झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून आपला हात काढून घेतो तसा, बाळ जागं होता कामा नये, असं म्हणायचास. इतकी वर्षं आम्ही सगळे ते पायाने करायची खटपट करत होतो. आता तू ते हाताने कर. मी शेजारी बसेन, आणि वर्तमानपत्राची सुरळी मीच आणते.

तुझीच,
घाईबाई